रविवारची पहिली सळई

जी बाई कधी जन्मलीच नाही तिच्या मरणावर रडणारा माणूस, दर रविवारी ज्याच्या हातचं खातो त्याला दवाखान्यात बघायला का येत नाही? मी खूप जणांना विचारलं. दादा गेल्यापासून त्या रविवारांचे किस्से डोक्यात नुसते साचत चाललेत. कुणाला तरी सांगायलाच हवेत.

नाशिकरोडला आमची कबाबची टपरी होती. दादा हे काम मालेगावला एका उस्तादाकडे शिकला. त्याला जुन्या जाडजूड कादंबऱ्यांचं वेड, पण भट्टी सोडून वाचणार कधी? म्हणून दर रविवारी दुपारी तिघं यायचे : हायस्कूलचे सर, एक वकील आणि एकलहऱ्याच्या वीज केंद्रातले साहेब. नियम एकच. जो पुढचं प्रकरण सांगेल, त्याला पहिली सळई!

*

एकदा वकील न वाचताच आले आणि ठोकून द्यायला लागले. नायिका बागेत गेली, गाणं म्हणाली...

दादा कांदा चिरता चिरता म्हणाला, "वकीलसाहेब, ती मागच्या रविवारी मेली!"

सर म्हणाले, "अपील केलं असेल!"

*

साहेब लखनौला जाऊन आले. "काय कबाब! जिभेवर ठेवला की विरघळतो. दातांची गरजच नाही. तुमचा मालेगावचा फार चावावा लागतो बुवा."

दादा म्हणाला, "तिकडं नवाबांनी खाल्ला, साहेब. मालेगावात दिवसभर यंत्रमाग चालवणारे खातात. त्यांना दात आहेत!"

*

ती बाई मेली तो रविवार. सर सांगताना हुंदके देत होते. साहेबांनी चष्मा काढला. भट्टीवर आठ सळया कोळसा झाल्या. मी ओरडलो, "दादा, जळतंय!"

दादा म्हणाला, "थांब रे, बाई मरतेय!"

*

मग दादाचं लिव्हर गेलं. दवाखान्यात टाकला. नवी कादंबरी अर्धी राहिली होती. रोज विचारायचा, "कोण आलं का रे? पुढचं सांगायला?"

मी कॉइन बॉक्सवरून तिघांना फोन केले. वकील म्हणाले, तारखा आहेत. साहेब म्हणाले, प्लांटला शटडाऊन आहे. सर म्हणाले, "मला दवाखान्याचा वास सहन होत नाही रे. फार हळवा आहे मी."

हळवा! मी रिसीव्हर असा आपटला की बूथवाला उठून उभा राहिला.

*

शेवटी सरांच्या घरी जाऊन ती कादंबरी मीच आणली. मी चौथी नापास. अक्षर अक्षर जुळवून वाचायला लागलो. नायक घोड्यावर बसतो, एवढं वाचायला मला अख्खी सकाळ लागली.

दादा डोळे मिटून म्हणाला, "अरे, चढव त्याला एकदाचा! घोडा म्हातारा होईल!"

शेजारच्या खाटेवरचा पेशंटही हसला.

चार दिवसांनी दादा गेला. नायक अजून वाटेतच होता.

*

दहाव्यानंतरच्या रविवारी तिघं टपरीवर आले. सरांनी भाषण केलं. दादासारखा श्रोता होणे नाही म्हणाले. मग वकील म्हणाले, "त्याच्या आठवणीत एकेक सळई झाली पाहिजे."

भट्टीत दादानं पेटवलेल्या शेवटच्या कोळशाची राख तशीच होती. मी तिला हात लावला नाही. मागच्या दारानं निघालो, रस्ता ओलांडला. समोरच्या गाडीवाल्याच्या कबाबला हे तिघं वर्षानुवर्षं 'चप्पल' म्हणायचे. त्याच्याकडून तीन प्लेटचे कबाब बांधून घेतले, आमच्या प्लेटमध्ये काढले, कांदा लावला, लिंबू पिळलं, पुढे ठेवले.

सरांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

"हा दादाचा हात! हजारात ओळखीन!"

वकिलांनी रुमाल काढला. साहेब म्हणाले, "कोण म्हणतं तो गेला?" आणि तिघंही रडायला लागले. रडत रडत खात होते.

मी विचारलं, "अजून आणू?"