सेडकाकूंची अकरा मिनिटं

आमच्या इंग्रजी सांजदैनिकात बातमी मंत्र्याची असो नाहीतर मांजराची, तिच्यात 'सेड', म्हणजे 'म्हणाला', हेच क्रियापद चालतं. ही काकूंची कृपा. बत्तीस वर्षं त्या बातम्यांची कॉपी तपासतायत. कुणी 'थंडर्ड' लिहिलं की विचारतात, ढग होते का. 'रिव्हील्ड' लिहिलं की, आधी झाकलेलं काय होतं. मग हात पुढे करतात: वही दाखव. वहीत काही सापडलं नाही की लाल पेन्सिल फिरते आणि 'सेड' तेवढं उरतं. आम्ही त्यांना सेडकाकू म्हणतो, हे त्यांनाही ठाऊक आहे.

मी शिकलो लहान गावच्या शाळेत. एक शब्द दोनदा आला की आमचे इंग्रजीचे सर मार्क कापायचे. त्यामुळे सहा मजली इमारतीतली लिफ्ट कोसळल्याची बातमी लिहिताना चारदा 'सेड' झाल्यावर पाचव्यांदा माझा हात अडला. लिफ्टमन म्हणाला होता, चार दिवस आधीपासून लिफ्टमधून आवाज येत होता. मी लिहिलं 'ॲडमिटेड'. कबूल केलं. काय भारदस्त दिसत होतं ते! स्वतःवर खूश होऊन मी चहा मागवला.

चहाच्या आधी काकू आल्या. पान छपाईला सोडायला अकरा मिनिटं होती.

"कबूल केलं म्हणजे? आधी नाही म्हणत होता का तो?"

नाही, म्हटलं, आपणहूनच सांगितलं त्याने.

"मग तो माहिती देतोय आणि तू गुन्हा वदवून घेतोयस. लिफ्टमधल्या दोघांचे पाय मोडलेत. हेच वाक्य दाखवून त्याला घरी बसवतील. लाव फोन."

घाईत दोनदा चुकीचा नंबर लागला. तिसऱ्यांदा लिफ्टमन भेटला. तो घरीच होता. यापुढे कामावर येऊ नकोस, असं इमारतीच्या मॅनेजरने सकाळीच बजावलं होतं. आवाज ऐकून काय केलंत, असं विचारल्यावर तो वैतागलाच. तेच तर सांगत होतो, पण तुम्ही वही मिटून निघालात. त्याने इमारतीच्या रजिस्टरमध्ये तीनदा तक्रार लिहिली होती आणि प्रत्येक वेळी खाली मॅनेजरची सही घेतली होती. साहेब विसराळू, म्हणून फोटोही काढून ठेवले होते.

फोटो आले तेव्हा चार मिनिटं उरली होती. तीन तारखा, तीन झोकदार सह्या. पानं लावणारा आरडाओरडा विसरून माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. मथळा बदलला, फोटोला जागा केली, मॅनेजरला फोन लावला. असं रजिस्टर आपण पाहिलंच नाही, म्हणाला. मी अगदी चवीने 'क्लेम्ड' टाइप केलं. म्हणे, असा दावा केला.

काकूंनी तेही खोडलं.

"काकू, धडधडीत खोटं बोलतोय तो."

"सह्या छापतोयस ना? मग वाचकांना डोळा कशाला मारतोस? त्यांचं त्यांना दिसेल."

पान दीड मिनिट उशिरा सुटलं. संध्याकाळी लिफ्टमनचा फोन आला. कामावर ये, असा निरोप आला होता आणि अपघाताच्या चौकशीत त्याला साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. बातमीबद्दल त्याची तक्रार नव्हती, फक्त दोन अंक हवे होते: एक चौकशीत दाखवायला, एक सासऱ्यांना.

अंक मीच नेऊन दिले. सासरे चष्मा लावून दारातच उभे होते.