वाशीमच्या ऑर्गनचा गंधार

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी जन्मभर टिंगल केली आहे. कुणी सांगितलं की पेटी आपोआप वाजली, तर मी आधी उंदीर शोधतो... आणि बहुतेक वेळा तो सापडतोही! पेट्या आणि ऑर्गन दुरुस्त करणं हा माझा धंदा. त्यात हवा, कातडं आणि पितळ, एवढंच असतं. तेव्हा पुढचं वाचून हसू आलं तर खुशाल हसा, मला राग येणार नाही. म्हणजे येईल, पण मी तो दाखवणार नाही.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या थोडं आधीची गोष्ट. वाशीमला लोकांनी वर्गणी काढून नाटकगृह बांधलं होतं. स्टेजच्या डाव्या अंगाला एक विलायती ऑर्गन होता, पायांनी भाता मारायचा, कपाटाएवढा थोरला. गावाला त्याचा भारी अभिमान.

हाच ऑर्गन काही वर्षांपूर्वी माझ्या बाबांनी दुरुस्त केला होता. आम्ही मेडशीचे माळी. बाबा तरुणपणी एका नाटक कंपनीबरोबर हिंडले आणि हे काम शिकून आले. मीही त्यांच्याचकडे शिकलो. ऑर्गनमधला प्रत्येक सूर म्हणजे एक पितळी पट्टी. सूर खाली लागत असेल तर पट्टीचं टोक जरासं खरडायचं, की तो चढतो. खरडताना बाबा खाली पांढरा कागद अंथरत आणि पडलेला कीस पुडीत बांधून गिऱ्हाइकाला दाखवत. निघालेलं पितळ परत चिकटत नाही, म्हणून हा कामाचा पुरावा.

तर त्या वेळी सगळा ऑर्गन सुरात लागला, आणि नाटकाच्या दिवशी दुपारी मधला गंधार खाली! तो एकच सूर. नाटकातला गाणारा नट चिडला. नाटकगृहाचे सेक्रेटरी, एक वकीलसाहेब, ते तर लालबुंद झाले.

"सकाळीच लावला होता म्या," बाबा म्हणाले आणि त्यांनी कागदाची पुडी पुढं केली. "हा पाहा ना कीस."

पुडी कुणी उघडली नाही. मीसुद्धा नाही. मला लाज वाटत होती आणि लाजेपोटी तोंड सुटलं. भर लोकांत मी म्हणालो, "बाबा, तुमचा कान गेला आता. कबूल करून टाका."

बाबांनी हत्यारांची पिशवी माझ्या हातात दिली आणि ते मोटार स्टँडकडे निघून गेले. त्यानंतर त्यांनी पेटीला हात लावला नाही. मेडशीला मळा, मोट, वांगी, मेथी. माझ्याशी बोलायचे, पण सुरांबद्दल अक्षर नाही. गंधार मी त्याच संध्याकाळी लावला आणि स्वतःवर खूश झालो. दुसऱ्या दिवशी तो कसा वाजला, हे पाहायला मी थांबलोच नव्हतो...

काही वर्षांनी वकीलसाहेबांनी मला परत बोलावलं. भाता फाटला होता, कातडं उंदरांनी खाल्लं होतं. नाटकगृहाची एकुलती एक किल्ली त्यांनी माझ्या हवाली केली. चार दिवस खपून सगळं नवं केलं. शेवटी सूर लावायला बसलो. गंधार खाली होता. कागद अंथरला, टोक खरडलं, ट्यूनिंग फोर्कशी ताडून पाहिलं. बरोबर! कुलूप लावून जेवायला गेलो.

दुपारी बाराच्या सुमाराला आलो. पहिल्यांदा तोच सूर दाबला... खाली.

धूळ असेल म्हणून पट्टी काढली आणि उजेडात धरली. टोकाला खरडल्याची एक रेघ नाही. अगदी कोरी. खाली कागदावर मात्र सकाळचा पिवळा कीस जसाच्या तसा.

मी ती पट्टी किती वेळ फिरवून फिरवून पाहिली असेन, कोण जाणे. मग दुसरी, नवी बसवली. खरडली. या खेपेला मी जागचा उठलोच नाही. समोर बसून राहिलो, घटकाघटकानं सूर दाबत. चौथ्या की पाचव्या वेळी तो उतरलेला होता. माझ्या डोळ्यांसमोर! पट्टी काढली, ती कोरी. कागदावर आता कीस आधीपेक्षा जास्त. पायांना सारखा चाळा लागला होता. बसवेना, उठवेना. ओरडावंसं वाटत होतं, पण कुणावर ओरडणार?

तेवढ्यात वकीलसाहेब आले. स्वतःच गंधार दाबला आणि मान हलवली.

"बापाचाच कान घेतला का रे तू पण?"

मी कागद पुढं केला. "साहेब, हा कीस पाहा..."

त्यांनी पाहिलं नाही. कागद धरलेला माझा हात तसाच राहिला, आणि तेव्हा मला बाबांचा हात आठवला. किल्ली त्यांच्या हातात ठेवली आणि मिळाली त्या मोटारीनं मेडशी गाठली.

बाबा मळ्यात वाफ्याला पाणी देत होते. चार बाया मेथी उपटत होत्या. मी बांधावरूनच सांगायला लागलो, पट्टी, कीस, सगळं. बाबा फावडं मारतच होते.

"बाबा, तुमचा सूर बरोबर होता," मी म्हणालो.

"आँ? कोण आलं म्हन्ते?"

आणखी जवळ गेलो. पुन्हा सांगितलं. त्यांनी कानामागं हात धरला आणि माझ्या ओठांकडं पाहत राहिले. मी दर महिन्याला येत होतो, त्यांच्या शेजारी बसून जेवत होतो... आणि मला कळलंच नव्हतं. आता त्यांना खरंच ऐकू येत नव्हतं.

तो गंधार का उतरायचा, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. पितळाचं काम करणाऱ्या जाणत्या माणसांना विचारून पाहिलं. ते मला पाणी पाजतात आणि विषय बदलतात.

त्या दिवशी मात्र मी छाती फुटेस्तोवर ओरडलो, "बाबा, तुमचा कान बरोबर होता! म्याच चुकलो!" बाया मेथी टाकून उभ्या राहिल्या. पलीकडच्या शेतात मोट हाकणारा गडी बैल थांबवून पाहायला लागला.

बाबांनी फावडं टेकवलं. त्या सगळ्यांकडं एकदा पाहिलं, मग माझ्याकडं.

"येवढ्या जोरानं काहून बोलून राह्यला?" ते म्हणाले. "मले येते ना आयकू."