दीड किलोची मरळ

आमच्या घरात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे आणि त्या दुरुस्त करायचं बायकोकडे. ओसरीवर मी पाहुण्यांना सांगत असायचो, की लग्नाच्या पहिल्याच वर्षी सासरे आले तेव्हा मी धरणात गळ टाकून पाच किलोची मरळ काढली. तोच आतून, तव्यावरची भाकरी उलटता उलटता आवाज यायचा, "दीड." एवढंच. पाहुणे हसायचे. मी म्हणायचो, "आमच्या घरचा काटाच खराब हाय," आणि गोष्ट पुढे जायची. सव्वीस वर्षं हे असंच चाललं होतं.

गेल्या वर्षी एका सकाळी ती परातीपाशी पीठ मळत बसली होती. मी चहा मागितला तर म्हणाली, "ते... ते... ते." मला वाटलं, चेष्टा करतेय. मीही "ते ते ते" करून वेडावून दाखवलं. मग तिच्या उजव्या हातातला पिठाचा उंडा खाली पडला. तिने त्या हाताकडे पाहिलं, जणू तो शेजारणीचा आहे.

हिंजवडीकडच्या दवाखान्यापर्यंतचा रस्ता मला आठवत नाही. फक्त कंपन्यांच्या गाड्यांची रांग आठवते, आणि तिचा माझ्या शर्टाला धरलेला डावा हात. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी अडकली होती. जीव वाचला. दीड महिन्यात हात हलू लागला, पाय चालू लागला. शब्द मात्र आले नाहीत. समजायचं सगळं, पण बोलायला गेली की "ते"च्या पुढे गाडी सरकायची नाही.

वाणीचे उपचार करणाऱ्या बाईंनी मला बजावलं होतं, "त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. थांबा." आता मला थांबायला सांगणं म्हणजे बैलाला शिट्टी वाजवायला सांगण्यासारखं. ती "ते..." म्हणाली की मी सुरू, "पाणी? चष्मा? पंखा? म्हैस?" ती डोळे मिटून घ्यायची.

पुण्याला एका प्रयोगशाळेत मेंदूच्या पेशींवर काम करणारी माझी पुतणी रविवारी आली. तिने हा तमाशा पाहिला आणि मला अंगणात ओढलं.

"काका, तुम्ही काकीचं औषध पळवताय."

"मी? म्या तर गोळ्या येळेवर देतुया!"

"गोळ्या नाही. शब्द शोधताना तिच्या मेंदूतल्या पेशी जोर लावतात ना, तेव्हा त्या एक प्रथिन सोडतात. वाढीचा निरोप समजा. तो शेजारच्या पेशीच्या दारावर लागतो. आत जात नाही. दाराच्या आतलं एक प्रथिन दुसऱ्याला जागं करतं, दुसरं तिसऱ्याला, असं करत निरोप थेट केंद्रकात पोचतो. तिथे जनुकं असतात. त्यातली काही बंद असतात, ती या निरोपाने उघडतात. मग पेशी नवा माल बनवते आणि दोन पेशींमधला जोड पक्का होतो. तुम्ही आधीच शब्द दिलात, तर तिने जोर का लावायचा?"

जमिनीच्या कामांसाठी अर्धं आयुष्य पौडच्या तहसील कचेरीत हेलपाटे घातलेला माणूस मी. मला हे लगेच कळलं. "म्हंजी कचेरी. आपण खिडकीवर अर्ज द्यायचा, आत जायचं न्हाई. कागद या टेबलावरनं त्या टेबलावर. दप्तरखान्यात साऱ्या गावाचे कागद हायेत, पण मागणी जाईल तेवढीच फाइल उघडायची."

"अगदी तसंच. आणि सगळ्या पेशींत सगळे कागद असतात, काका. कुठला उघडायचा, तेवढाच प्रश्न." मग हळूच म्हणाली, "पण हे उंदरांत जितकं स्वच्छ दिसतं, तितकं माणसात अजून दिसलेलं नाही. आणि पहिले काही महिने महत्त्वाचे असतात."

मला नेमकी त्या दोन वाक्यांची भीती बसली. अर्ज वाटेत कुठे कुठे थांबू शकतो, हे मला माहीत होतं. आणि चार महिने तर मी खिडकीच अडवून उभा होतो.

"मग करू काय?"

"तिला दुरुस्त करायची सवय आहे ना? चुकीचं बोला. आणि गप्प बसा."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्यासमोर खुर्ची मांडली. "तुझा बाप आला हुता, तवा मी पाच किलोची मरळ काढली," म्हणालो आणि गप्प बसलो. ती माझ्याकडे बघत राहिली. "सात किलोची," मी म्हणालो. काही नाही. आठवडाभर मी मासा वाढवत राहिलो. अकरा, पंधरा. माझ्या गोष्टीत मरळ एवढी फुगली की धरणात मावली नसती. तिच्याकडून शब्द नाही.

तेव्हा मला कळलं, की इतकी वर्षं मी बिनधास्त थापा मारल्या, त्या "दीड"च्या जिवावर. कोणी खोडून काढणारं आहे म्हणून मी बोलत होतो. आता मी काहीही म्हणालो तरी तेच खरं ठरणार होतं. एवढ्या मोठ्या घरात माझा एकट्याचा आवाज.

नवव्या दिवशी मी म्हणालो, "वीस किलोची मरळ, गळाला लागली." आणि गप्प बसलो. तिच्या कपाळाची शीर उठली. ओठ हलले. माझ्या जिभेवर "दीड" आलं होतं, मी जीभ चावली. खरंच चावली, रक्ताची चव आली.

"इ... इक... इकत," ती म्हणाली.

मी खुर्ची पुढे ओढली.

तिने बोट उचलून आपल्या ओठावर ठेवलं. "गळ... न्हाई."

माशाच्या तोंडात गळाची जखमच नव्हती. सव्वीस वर्षांपूर्वी नव्या नवरीने तो मासा साफ करताना ते पाहिलं होतं. जाळ्याने मासे धरणाऱ्याकडून मी तो विकत आणला, हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. माझ्या माशाचं वजन ती कमी करत राहिली, अब्रू मात्र ठेवली.

मी पुतणीला फोन करून रडलो. ती म्हणाली, "छान! पण काका, एकदा उघडलेलं जनुक पुन्हा मिटतं. हे रोज करावं लागेल. आणि उद्या तेच शब्द येतीलच, असं नाही."

दुसऱ्या दिवशी पुन्हा खुर्ची मांडली. आदल्या रात्री ठरवलं होतं, आता खरं सांगून माफी मागायची. पण खरं सांगितलं तर ती दुरुस्त काय करणार?

"पंचवीस किलोची," मी म्हणालो, "आणि गळानंच काढली."

मग तोंड मिटून तिच्या कपाळाच्या शिरेकडे बघत बसलो.