आईच्या डोक्यावरची घागर

मैत्रिणींनो, आमच्या भिंतीवर माझा पदवीचा फोटो एकटाच होता. शेजारी आईचा लावायचा होता. ती गेल्यावर तिचा एकच फोटो सापडला: दुष्काळात, नवा जिल्हा झाला तर पाणी मिळेल म्हणून काढलेल्या मोर्चातला. डोक्यावर रिकामी घागर, भोवती गावोगावच्या बाया.

आज तो मोठा करायला लातूरच्या स्टुडिओत नेला. फोटोवाले काका म्हणाले, "घागर काढतो, बाया काढतो, मागं निळा पडदा टाकतो. लई छान दिसंल!"

कॉम्प्युटरवर आई एकटीच उरली. मला बघवेना.

"काका, सगळ्या असू द्या."

घरी माझे वडील, अण्णा, म्हणाले, "एवढ्या बाया कशाला गं भिंतीवर?"

"घरात आता आपण दोघंच हाव, अण्णा."

खिळा त्यांनीच ठोकला.

तुमच्या आईच्या फोटोत शेजारी कोण आहे? आजच विचारून घ्या. या बायांची नावं फक्त आईलाच माहीत होती.