संध्याकाळचा चेहरा

सुषमा वहिनीचा देह दवाखान्यातून कारखान्याच्या सेक्टर २ मधल्या क्वार्टरवर आणला तेव्हा संध्याकाळ झाली होती. बाया गोळा झाल्या. त्यातली एक हळूच म्हणाली, "चेहरा नाराजच दिसून राह्यला ना वं बिचारीचा." दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, मान वर केली. "नाराज नाई ते," एवढंच म्हणाला...

काही आठवडे झाले, ते वाक्य डोक्यातून जात नाही. याच चेहऱ्यापायी त्या घरात किती वर्षं अबोला होता! वहिनी सकाळी इतकं बोलायची की ऐकणाऱ्यालाच दम लागावा. संध्याकाळी मात्र पापण्या खाली, आवाज नाकातून, हसायला गेली की ओठ वाकडे. चार घास चावले की जबडा थकायचा आणि ताट तसंच राहायचं. दादा जनरल शिफ्टचा. सकाळी घाईत निघायचा, दिवसभर प्लांटमध्ये भट्टीपाशी भाजून घरी यायचा, आणि त्याच्या वाट्याला रोज तोच चेहरा. "कावून तोंड पाडून बसते? काय केलं मी तुले?" ती नुसता हात हलवायची. त्याला ते आणखी झोंबायचं. आई तर तिला सरळ घुमी म्हणायची.

पुढे प्यालेलं पाणी नाकातून येऊ लागलं, तेव्हा मी दोघांना मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रबरी हातमोज्यात बर्फ भरून तिच्या उतरलेल्या पापणीवर धरला. थोड्या वेळानं काढला, तर डोळा टक्क उघडा! मग त्यांनी समजावलं. नस हुकूम पाठवते, पण स्नायूवर तो झेलणाऱ्या ज्या जागा असतात, त्या शरीरानंच शत्रू समजून निकामी करून टाकल्या आहेत. वापराल तसा स्नायू थकतो, विसाव्यानं जरा सावरतो, गारव्यानंही तेवढ्यापुरता. दादा त्या डोळ्याकडे बघतच राहिला. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "रुसवा बर्फानं उतरते का रे?"

गोळ्या सुरू झाल्या. दादानं कायमची सेकंड शिफ्ट मागून घेतली, जी कुणालाच नको असते. दुपारी निघेपर्यंत दोघं मागच्या अंगणात बोलत बसायचे. भांडणंसुद्धा सकाळीच उरकायचे. तो निघाला की वहिनी रोज बजावायची, "रात्री थोबाड कसंबी दिसो, आत्ताच सांगून ठेवते, मी नाराज नाई."

मग छातीत कफ झाला, ताप आला, आणि श्वास ओढणारे स्नायूही थकले. सकाळीच ॲम्ब्युलन्स बोलावली. आत चढवताना तिनं दम गोळा करून दादाला तेच बजावलं. नंतर नळी घातली, बोलणं संपलं. 'थकलो बुवा' असं आपण उठता-बसता म्हणतो... मला आता त्या शब्दाचाच राग येतो.

परवा साहेबांनी दादाला विचारलं, परत जनरल देऊ का? त्यानं नको म्हटलं. त्याच्या सुटीच्या दिवशी मी माझ्या हुडकोतल्या घरून संध्याकाळी गेलो. तो मागच्या अंगणात बसला होता, समोर वहिनीची खुर्ची तशीच. शेवटी मीच म्हटलं, "दादा, काहीतरी बोल ना गा."

"सकाळीच झालं ना बोलून माझं," दादा म्हणाला. "नाराज नाई मी."