गोऱ्याचं पुढं काय झालं

हॉलिवूडच्या एका नटाचं अख्खं आयुष्य आमच्या सोलापुरातल्या दोन खोल्यांत गेलं, आणि आईनं त्याचा एकही सिनेमा पाहिलेला नाही. वडील चादरीच्या कारखान्यात यंत्रमागावर होते. रविवारी सकाळचा इंग्रजी खेळ ते चुकवायचे नाहीत. इंग्रजीचं ओ की ठो कळायचं नाही, तरी घरी आले की विड्या वळत बसलेल्या आईपुढं बसून सगळा सिनेमा सांगायचे.

तोंड तेच, म्हणजे माणूसही तोच, अशी त्यांची समजूत. त्यामुळं सगळे सिनेमे मिळून त्या गोऱ्याचं एकच आयुष्य झालं. एका खेळात त्यानं बँक लुटली आणि पुढच्यात तो पोलीस निघाला, तर मध्ये जेल भोगून सुधारला, असं वडीलच जोडून द्यायचे. नवी हिरॉइन आली तेव्हा आईनं विचारलं, "पयलीचं काय झालं?" वडील म्हणाले, "सोडली." आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी पहिलीला तापानं मारलं, तेव्हा कुठं घरात चहा झाला. गोऱ्याला मात्र कधी मरू दिलं नाही. पडद्यावर गोळ्या खाऊन पडला, तरी आमच्या घरी तो गावाला गेलेला असायचा.

वडील गेले त्याला वर्ष होत आलं. शेवटपर्यंत मी उशाशी होते, पण रडले नाही. शेजारच्या बायका म्हणाल्या, "रड की बाई, मोकळी हो." मी पाहुण्यांच्या चहाचं बघत होते. तेव्हापासून तोंडाला चवच नव्हती. आई वाढेल ते गिळायचं आणि कामावर जायचं. आई कधी काही बोलली नाही, पण पोरगी दगडाची निघाली असं तिला वाटत असणार, याची मला लाज वाटायची. विचारायची हिंमत मात्र झाली नाही.

परवा मोबाइलवर वाचलं, तो नट आता थकलाय, काम बंद करतोय, हा शेवटचा सिनेमा. आईला सांगितलं. म्हणाली, "बगून सांग की मला."

हिंदीत होता, पूर्ण पाहिला. सुट्टीच्या सकाळी तिच्यापुढं बसून सांगितला. गोऱ्याच्या हातात काठी आली, मग तो खाटेवरच पडून राहिला. शेवटी तो मरतो. मी वडिलांसारखंच म्हणाले, "मग गावाला गेला."

आईनं विडीला दोरा गुंडाळला. "जवळ कोण हुतं?"

"लेक."

"रडली का ती?"

"नाही."

"पण हुती न्हवं शेवटपतूर?"

"होती."

"मग बास की. तेवडंच लागतंय माणसाला." तिनं पुढचं पान घेतलं.

दुपारी जेवताना आमटी खारट लागली. तसं मी आईला म्हणाले.

"रोज तेवडंच मीठ घालतीया," ती म्हणाली. "आज कळलं व्हय तुला."