थांबलेले हात

चाळीस वर्षं होत आली, पण सिंदेवाहीकडच्या त्या पेटीचोरीचा विषय निघाला की मला अजून हसू फुटतं. ऐंशीनंतरचे दिवस होते. मी नवा फौजदार, अंगात गुर्मी भरपूर. गावात बैलांच्या शर्यतींचा शंकरपट भरला होता, रात्री नाटक होतं, आणि सकाळीच नाट्यमंडळाचे लोक तक्रार अर्ज घेऊन ठाण्यात हजर झाले. तालमीच्या खोलीतली बाजाची पेटी गायब होती.

संशय तबलजीवर होता. खोलीची किल्ली त्याच्याकडे, आणि पेटीवाल्याशी आदल्याच दिवशी त्याची बाचाबाची झालेली. त्याला आत टाका, असा मंडळींचा आग्रह होता. तबलजी हात जोडून एवढंच म्हणत होता, "साहेब, आज चार वाजता पोरीले पाहाले पाहुणे येऊन राह्यले. बाप ठाण्यात दिसला तं सोयरीक तुटली समजा."

त्याला बाकावर बसवून मी हवालदाराबरोबर गावात गेलो. चहावाल्याने हळूच खबर दिली. टोपल्या विणणारा एक म्हातारा दरवर्षी नाटकात राजा व्हायचा. यंदा ते काम शाळेच्या नव्या मास्तरांना दिलं, तेव्हापासून तो कोणाशी धड बोलत नव्हता.

म्हातारा अंगणात सूप विणत होता. मी शेजारी बसलो. बांबू कुठून आणता, बाजार कोणता करता, तो सगळं पटापट सांगत होता आणि हात सरसर चालत होते. मग मी विचारलं, काल संध्याकाळी कुठे होतात? हात थांबले. घरीच होतो म्हणाला, आणि हात पुन्हा सुरू. मधे नातवंडांचं विचारलं, हात चालूच. तालमीच्या खोलीचं काढलं की पुन्हा थांबले. मला तेव्हा उमगलं की खरं आपसूक तोंडात येतं. खोटं बोलायचं तर ते खरं आधी आत ढकलावं लागतं आणि दुसरं काही शोधावं लागतं. डोकं त्यात गुंतलं की हाताला हुकूम द्यायला कोणी उरत नाही.

"भाऊ, पेटी तबलजीनेच नेली असेल ना?" मी विचारलं.

आता हात थांबले ते थांबलेच. नुसतं हो म्हणाला असता तर सुटला असता. शेवटी त्याने सूप खाली ठेवलं.

"नाई साहेब. तो कायले नेईन? मीच खिडकीतून काढली. कणगीत हाय."

घरी होतो हे खोटं त्याला जमलं होतं. दुसऱ्याच्या पोरीच्या लग्नावर बेतणारं जमलं नाही. मला त्या म्हाताऱ्याचं फार कौतुक वाटलं. पेटी मिळाली, मंडळाने कुरकुरत अर्ज मागे घेतला, आणि मास्तरांनी आपणहून राजाचा मुकुट म्हाताऱ्याला दिला.

तबलजीला जीपने घरी सोडलं, तर पाहुणे दारातच. मुलाच्या वडिलांनी विचारलं, पोलीस कशाला? तळहातावर तंबाखू मळत मी सांगितलं की हे माझे जुने स्नेही, नाटकाला आलोय.

सोयरीक जमली. लग्नात मुलाचे वडील माझ्याशेजारी जेवायला बसले.

"साहेब, त्या दिवशी तंबाखू मयता मयता तुमचा हात काऊन थांबला होता?"

माझा घास हातातच राहिला. चोर पकडण्याची माझी युक्ती माझ्यावरच उलटली होती.

"म्हणजे तुम्हाला कळलं होतं? तरी होकार दिलात?"

"फौजदार ज्याच्यासाठी खोटं बोलते, तो मानूस वाईट नसन," ते म्हणाले आणि त्यांनी माझ्या पानात आणखी एक बुंदीचा लाडू वाढायला लावला.